डोंगराला लावलेले चार कान

मी, ज्ञानदेव मारुती रेणुसे, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा नसरापूरला रेडिओ-टेप दुरुस्ती, आताचा भातशेती, राहणार दांडाची वाडी, तालुका वेल्हे (त्याला आता राजगड म्हणायचे, पण माझा हात अजून वेल्हेच लिहितो), जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा कोणाच्या भरीला पडून नव्हे, तर पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला भोरच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. वाडीतल्या मंडळींचे याबाबत मत वेगळे आहे, ते पुढे येईलच.

लिहिण्याचे कारण असे की, येत्या सोमवारी पुण्याला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. ऑपरेशनला मी घाबरत नाहीच. मी परत आलो नाही तर वाडीवरचा डोंगर कोण ऐकणार, ही एकच काळजी आहे.

१. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

२. राहते घर, गोठा आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी साळूबाई हिची. ती हयात असेपर्यंत घर कोणी विकू नये, गहाण टाकू नये, आणि तिला विचारल्याशिवाय चूलसुद्धा हलवू नये. तिच्या पश्चात घर मुलगा इंद्रजित याचे.

३. ओढ्याकाठचे भातखाचर मुलगा इंद्रजित व मुलगी वैष्णवी यांना निम्मे-निम्मे. वैष्णवी शिवऱ्याला दिली आहे, तेव्हा तिचा वाटा इंद्रजितने पिकवावा आणि तांदूळ वेळच्या वेळी पोचवावा. चांगला तांदूळ पोचवावा. कणी नव्हे.

४. दुकानातली हत्यारे, म्हणजे मीटर, दोन्ही सोल्डरिंग आयर्न, भिंग आणि पकडी, वैष्णवीला. लहानपणी दुकानात येऊन ती जळालेला भाग नुसत्या वासाने ओळखायची. इंद्रजितला यातले काही देऊ नये, तो पकडीने नारळ सोलतो.

५. चुलतभाऊ बंडू सखाराम रेणुसे यास माझ्या मालमत्तेतले काहीही देऊ नये. वाटीसुद्धा नाही. वाडीच्या डोक्यावरची वरकस, म्हणजे नाचणी-वरईची उताराची जमीन त्याने मला न विचारता बाहेरच्या माणसाला विकली. घेणाऱ्याने बंगल्यासाठी जेसीबी लावून उतार कापला आणि पुढच्याच पावसाळ्यात वरच्या बाजूला भेग पडली. ती भेग मी बंडूला नेऊन दाखवली. "दादा, डोंगराला भेगा आसत्यातच की," म्हणून तो तंबाखू मळत खाली गेला.

साक्षीदार मात्र बंडूच आहे. वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असा माणूस साक्षीला घ्यावा. असा माणूस शोधायला मला लांब जावे लागले नाही.

६. आता मुख्य गोष्ट. दरड सुटण्याआधी डोंगर आतून वाजतो, ते ऐकायला भेगेच्या कडेने मी चार मायक्रोफोन पुरले आहेत. मी त्यांना कान म्हणतो. ज्याच्या हाती ते जातील त्याला समजावे म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येक कानात एक इलेक्ट्रेट कॅप्सूल आहे. ही शर्टाच्या बटणाएवढी पत्र्याची डबी. आत पातळ पडदा असतो आणि विजेचा भार कारखान्यातच त्यात कायमचा भरलेला असतो. जुन्या टेपरेकॉर्डरात आणि टेलिफोनात ती सापडते. दुकान बंद केले तेव्हा मी बरणीभर कॅप्सूल घरी आणल्या, साळूबाईला वाटले लोणच्याची बरणी आहे. ही डबी मुळात माणसाच्या बोलण्यासाठी केलेली. तिला मातीतले बारीक आवाज ऐकवायचे तर पाठीमागची तांब्याची पट्टी ब्लेडने कापून दोनाच्या जागी तीन तारा काढाव्या लागतात. हात हलला की कॅप्सूल गेली. मग डबी स्टीलच्या वाटीच्या बुडाला चिकटवायची, वाटी पहारेच्या डोक्यावर घट्ट बसवायची आणि पहार जमिनीत कमरेइतकी ठोकायची. वरून पाइपाचे टोपण, सांध्यांना मेण. तारा खाली माझ्या खोलीतल्या आवाज वाढवणाऱ्या पेटीला येतात. पेटीवरचा खटका फिरवला की एकेक कान हेडफोनमध्ये ऐकू येतो.

सांध्यांना मेण लावायला मी पहिल्या वर्षी चुकलो. त्या आषाढात भेगेतून करकर करकर आवाज आला आणि मी भर पावसात सगळी वाडी शाळेत हलवली. ठकुबाईची सून ओली बाळंतीण होती, तिलाही खाटेसकट नेले. डोंगर जागचा हलला नाही. पाऊस उघडल्यावर टोपण काढले तर आत खेकडा. बंडूने त्या खेकड्याचा रस्सा करून खाल्ला आणि चव कशी होती ते वाडीभर सांगितले. तेव्हापासून माझे नाव खेकडेमास्तर पडले. ठकुबाई तर अजून माझ्याशी बोलत नाही.

हसण्याचे मला काही नाही. पण पुन्हा हाक दिली तर कोणी घराबाहेर पडेल का? ही भीती माझ्या मानगुटीवर बसली आहे. आणि दुसरी तिच्याहून मोठी. उजव्या कानाने मला जवळजवळ ऐकू येत नाही, डावाही त्याच वाटेवर आहे. पूर्वी हेडफोन लावला की मुंग्या कळायच्या, झऱ्याचे पाणी वाढलेले कळायचे, वरून गेलेली म्हैस कोणाची तेही कळायचे. आता सगळे गप्प असते. डोंगर गप्प आहे की माझा कान, हे मला ठरवता येत नाही. हेडफोन काढतो, पुन्हा लावतो, पेटीवर टिचक्या मारून बघतो. साळूबाई म्हणते, "आवं, किती येळा लावताय? जीव जाईल अशानं." तिला म्हटले, तू ऐक, तर म्हणते, "मला त्यातलं कळत न्हाई आन् कळून घ्यायचंबी न्हाई. मग मलाबी झोप लागायची न्हाई." तिचे बरोबर आहे.

इंद्रजित शिरवळला कंपनीत आहे. तो म्हणतो, आबा, मोबाईलवर सरकारचा इशारा येतो. येतो खरा, पण वाडीत रेंज येत नाही. वैष्णवी ऐकेल, पण तिचे घर लांब हायवेला, तिथवर तार पोचत नाही. तेव्हा हे चार कान, पेटी आणि तारा मी कोणाच्या स्वाधीन करतो आहे, ते नाव:

(ही जागा मोकळी सोडली आहे. सही होईपर्यंत सुचले तर भरीन.)

७. माझ्या दिवसकार्याला लाऊडस्पीकर लावू नये. चारही कान बधिर होतात.

येथून पुढचे अक्षर वाकडे आहे, कारण पाटीवर कागद ठेवून लिहीत आहे. वरचे लिहून झाले तेव्हा दुपार होती. बंडू आणि गिरणीवाला गोरख साक्षीसाठी घरी आले. सकाळपासून मी हेडफोन लावून बसलो होतो, काही ऐकू आले नव्हते. चष्मा आणायला उठलो, तेवढ्यात बंडूने हेडफोन उचलून डोक्याला लावला.

"काय दादा, खेकडं काय म्हणत्यात आज?" म्हणून तो हसला. मग हसायचा थांबला.

"दादा, भातात खडा दाताखाली यावा तसं वाजतंय. सारखं वाजतंय. ह्ये रोजच आसतं व्हय?"

मी घाईने हेडफोन घेतला. मला काहीच ऐकू आले नाही. इतकी लाज मला खेकड्याच्या वेळीही वाटली नव्हती. मी म्हणालो, "खेकडा आसंल."

बंडूने हेडफोन माझ्या हातातून परत घेतला आणि खटका फिरवत गेला. दुसरा, तिसरा, चौथा.

"चारी कानात येकदम खेकडा कसा घुसंल वो?" एवढे बोलून तो तसाच अनवाणी बाहेर पळाला. दारोदार ओरडत सुटला, "भाईर निघा! शाळंत चला! ह्यो म्या बंडू सांगतोय, दादा न्हाई!" लोक निघाले. ठकुबाई नातवाला कडेवर घेऊन निघाली. साळूबाईने गुरांची दावी सोडली, हा कागद पदराखाली घेतला आणि मला दंडाला धरून चालवत आणले.

आता आम्ही शाळेत आहोत. डोंगर अजून आहे तिथेच आहे. कदाचित उद्या सगळे घरी जातील आणि वाडीला नवीन खेकडेमास्तर मिळेल. मंडळी आत्ताच कुरकुरू लागली आहेत आणि शिव्या बंडूला पडत आहेत. तो व्हरांड्यात उभा आहे, वर बघतो आहे आणि तंबाखू मळायचे विसरला आहे. मघाशी आत येऊन त्याने हळूच विचारले, "दादा, ती तार हितवर आणता यील का? शाळंतनंच ऐकता आलं तर बरं."

इतक्या वर्षांत तारेबद्दल मला कोणी विचारले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्याला म्हटले, येईल, मेण मात्र नीट लावायचे.

सबब कलम पाच रद्द. कलम सहामधली मोकळी जागा अशी भरावी: बंडू सखाराम रेणुसे. चारही कान, पेटी, तारा आणि बरणी त्याची. सोबत माझी भीतीही त्याला देत आहे. ती त्याने ऑपरेशनची वाट न पाहता आजच घेतली आहे.

लिहून देणार: ज्ञानदेव मारुती रेणुसे (सही)

साक्षीदार:
बंडू सखाराम रेणुसे (नाव खोडले. आता हा घेणारा झाला, साक्षीला चालत नाही.)
गोरख, गिरणीवाला (सही)
ठकुबाई (सही. स्वतःहून पेन मागून घेतले.)

दिनांक: १९ ऑगस्ट २०२५

ठिकाण: "राहते घर" हे शब्द खोडले. शाळेची मधली खोली. सगळी वाडी हजर.