गणपतीच्या गोळ्या

ती. आईंना,

तुम्ही गावाहून फोनवर विचारलंत, "गणपतीच्या गोळ्या घेतल्यास ना?" मी हो म्हटलं. घेतलेल्या नाहीत.

अंगावरून फार जातं म्हणून तुम्हीच मला मुलुंडच्या डॉक्टरबाईंकडे नेलंत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेता का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही शेजारी होतात, मी नाही म्हटलं. काल एकटी जाऊन खरं सांगितलं. बारा वर्षं, दर गणपतीला. त्या चिडल्या. पिशवी काढायची की औषधावर भागेल, हे आता नव्या तपासण्यांनंतर ठरेल.

यंदा पाळी आली तर मी बाहेर बसेन, मोदक तुम्ही वळा. पण आपल्या पंधरा वर्षांच्या अक्षतासाठी तुम्ही ठेवून गेलेलं गोळ्यांचं पाकीट मी डॉक्टरबाईंच्या टेबलावर सोडून आले. तिला पाळी आली, तरी ती आरतीला पुढेच उभी राहील.

तुमच्या शेजारी बसून खोटं बोललेली,
नीला