घड्याळ एक मिनिटही मागे नाही

४ मार्च, दुपारी ४.३०
दोन दिवस रोजनिशी बंद. कारण घड्याळ बंद. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात तारखेचा एक छोटा काटा आहे. तो पाहिल्याशिवाय मी तारीख लिहीत नाही. परवा ते साफसफाईला आणि तेलपाण्याला उघडलं होतं.

आता युक्ती लिहून ठेवतो. परवा लंबक थांबवला तो बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी. काम काल रात्रीच संपलं होतं. कच्चा माणूस लगेच घड्याळ सुरू करतो आणि काटे गरागरा फिरवत बसतो. घड्याळाचे हाल! मी आजचे चार दहा वाजेपर्यंत थांबलो आणि नेमक्या क्षणी लंबकाला बोट लावलं. एकाही काट्याला हात लावावा लागला नाही. तारखेचा काटासुद्धा बिचारा चारावरच माझी वाट बघत उभा होता.

मग फोन आणि संगणक भिंतीशी ताडून पाहिले. मिनिटं बरोबर, पण तारखा दोघांच्याही दोन दिवस पुढे पळालेल्या. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा हाच ताप. दोन्ही मागे घेतल्या.

ही दोनदा दारात डोकावली. दुसऱ्यांदा विचारलं, आज काय आहे ते लक्षात आहे का. मी म्हटलं, आहे तर, चार दहा. गेली.

५ मार्च
संकल्प: आठ तारखेला वेबसाइटच्या नूतनीकरणाचे पैसे भरायचे.

जुन्या घड्याळांच्या हौशी मंडळींची आमची ही साइट बारा वर्षं मी एकहाती सांभाळतोय. सभासद साठ, कामाचे चार, पासवर्ड ठाऊक असलेला एक. पगार नाही, मान आहे. म्हणजे असायला हवा.

मुदत आठपर्यंत. म्हणून आठलाच भरणार. सातला भरणं म्हणजे साइटची जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीला एक दिवस फुकट देणं. तिने आठवणीची अकरा पत्रं पाठवली आहेत. एकही उघडलं नाही. माणसाला इतकं विसरभोळं समजणं हा अपमान आहे.

ही कालपासून गप्प. उद्या सहा, हिचा वाढदिवस. लाजत असेल.

६ मार्च
सकाळीच पिवळी फुलं आणली. हिने फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं की ही गेल्या वेळची समजू की पुढच्या वेळची. वर म्हणाली, दोन दिवस झाले. हिचा विनोद मला कधीकधी कळत नाही. पण फुलं पाण्यात ठेवली. म्हणजे आवडली.

७ मार्च, सकाळी ७.१०
साइट बंद!

पडद्यावर पांढरं पान आणि मध्ये कंपनीची एक ओळ: मुदत संपली. आठला संपायची मुदत सातलाच संपते कशी? दिवसाढवळ्या दरोडा.

९ वाजता: सतरा फोन येऊन गेले. पहिला मंडळातल्या दंतवैद्याचा. याला घड्याळांतलं दातेरी चाकापलीकडे काही कळत नाही, पण आवाज असा की साइट त्यानेच जन्माला घातली. पासवर्ड मागत होता. मी सांगितलं, पासवर्ड ही विश्वासाने सोपवलेली ठेव असते. त्याने विचारलं, सोपवली कुणी? या प्रश्नाला उत्तर देणं मला योग्य वाटलं नाही.

दुसरा फोन क्लचबाईचा. ती गाडी चालवायला शिकवते. तिच्या आजोबांच्या घड्याळाचे सदतीस भाग जेवणाच्या टेबलावर पसरलेत, चौदा पायऱ्या झाल्यात, आणि पंधरावी पायरी साइटवर. घरची माणसं तीन दिवस जमिनीवर बसून जेवताहेत म्हणे. मी म्हटलं, पाठीला चांगलं असतं.

११ वाजता: कंपनीला कडक पत्र. ‘तुमचं कॅलेंडर तपासून घ्या’ हे वाक्य छान उतरलंय.

८ मार्च
उत्तर आलं. मुदत आठला मध्यरात्री संपली, असं छातीठोकपणे लिहितात. आज आठ आहे, मध्यरात्र व्हायचीय! शिवाय पत्रावर तारीख दहा. ज्यांना स्वतःची तारीख लिहिता येत नाही ते मला मुदत शिकवणार. चोराच्या उलट्या बोंबा.

खाली एक धमकी आहे. पंधरा तारखेपर्यंत नूतनीकरण करता येईल. त्यानंतर जागा पुसून टाकू, आणि साइटचं नाव जो मागेल त्याला देऊ.

संकल्प: पंधरालाच भरणार. संध्याकाळी पाचला. तोवर जरा घाम फुटू दे त्यांना.

९ मार्च
घड्याळकाकांचा फोन. पन्नास वर्षं दुकान चालवलेला माणूस. आता नजर जवळजवळ गेली आहे, पण कान असा की फोनवरून टिकटिक ऐकवली तरी कुठलं चाक अडतंय ते सांगतात. त्यांच्या हातच्या अकरा वह्या म्हणजे आमच्या साइटचा प्राण. दोन वर्षांपूर्वी त्या मी घरी आणून टाइप करून साइटवर चढवल्या.

तसं टाइप करणं म्हणजे संपादनच. काकांना प्रत्येक युक्तीखाली एक सूचना जोडायची खोड. हे करायला चुकू नये, ते पाहायला विसरू नये. असल्या ओळी मी गाळल्या. वाचकाला इतकं बाळबोध समजू नये. काम झाल्यावर काकांना म्हटलं, आता वह्यांची गरज नाही, रद्दीत घालूया. ते ‘तू म्हणतोस तर’ म्हणाले. वह्या रद्दीत घालायला हिच्याकडे दिल्या.

आज विचारत होते, माझं सगळं आहे ना रे? आवाज बारीक झाला होता. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की सगळ्याची एक जादा प्रत मी ‘सुरक्षित’ नावाच्या कप्प्यात ठेवली आहे.

तो कप्पा साइटवरच आहे, हे सांगून म्हाताऱ्या माणसाला उगाच घोर लावायचा नव्हता.

संकल्प: बारा तारखेला संध्याकाळी पाचला वाचनालयाच्या वरच्या खोलीत सर्वांची सभा. मी बोलावणार, मीच अध्यक्ष. सगळ्यांना कळवलं आणि फोन खणात ठेवून दिला. तक्रारींनी कान किटले आहेत.

१० मार्च
भाषणाचा मसुदा. सुरुवात: ‘संकटकाळीच नेतृत्वाची ओळख पटते.’ टाळ्यांसाठी जागा सोडली आहे.

साडेचारला ही दारात, बाहेर जायच्या तयारीत. म्हणाली, सभेला यायचं नाही का, आज बारा. मी तिला भिंतीजवळ नेऊन तारखेचा काटा दाखवला. ती काट्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. मग मोठी कापडी पिशवी उचलून निघून गेली. सातला परतली. जाताना पिशवी जड, येताना रिकामी. बाजारहाट करायची ही नवी पद्धत दिसते. विचारलं नाही. संसारात काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

१२ मार्च, रात्री ८
पाचला पाच मिनिटं कमी असताना वाचनालयात हजर. इस्त्रीचा शर्ट, भाषणाच्या चार प्रती. वरच्या खोलीला कुलूप. खाली ग्रंथपाल बाई भेटल्या. म्हणाल्या, तुमची माणसं परवाच येऊन गेली की. चौदा जण होती, तासभर कुणाची तरी वाट बघत होती, मग दार लावून कामाला लागली. हसण्याचा आवाज खालपर्यंत येत होता.

परवा! सभेला कुणी दोन दिवस आधी येतं? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हणतात ते हेच. पण एक प्रकारे बरं वाटलं. बारा वर्षांत प्रथमच मंडळात एवढा उत्साह दिसला.

भाषण ग्रंथपाल बाईंना म्हणून दाखवलं. दुसऱ्या पानावर त्यांना पुस्तकं लावायचं आठवलं.

घरी येऊन हिला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, आज चौदा आहे, उद्या शेवटची तारीख, आत्ताच्या आत्ता भरून टाका. मी समजावलं, अजून तीन दिवस आहेत. ती म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी. हिला आकड्यांचं पहिल्यापासूनच जमत नाही.

१३ मार्च
पेपरवाला हल्ली पेपर आधीच छापून ठेवतो असं दिसतं. बातम्या शिळ्या, तारीख पंधरा. संपादकांना पत्र.

१५ मार्च, दुपारी ४.५०
ऐतिहासिक दिवस. शर्ट तोच, पुन्हा इस्त्री केलेला. घड्याळात चार एक्कावन्न. पाचला कळ दाबणार आणि साठ घरांतून सुटकेचा निःश्वास ऐकू येणार. क्लचबाईच्या घरची माणसं खुर्चीवर बसणार. काका फोन करतील, तेव्हा जास्त आभार मानू द्यायचे नाहीत. थोडेसे मानू द्यायचे.

५.०२
कळ दाबली. उत्तर: हे नाव उपलब्ध नाही.

५.०४
पुन्हा दाबली.

५.२०
साइट उघडली! आपलंच नाव, आपलाच पत्ता. आत तळपायाला मालिश करणारं यंत्र. सोबत टाचांचे फोटो.

५.४०
कंपनीला फोन. तिथली मुलगी फार गोड बोलली. जागा काल पुसली, नाव काल गेलं. मी म्हटलं, मुदत पंधराची होती. ती म्हणाली, होती. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, आज सतरा आहे, सर. मी तिला वरिष्ठांना द्यायला सांगितलं. वरिष्ठांकडेही सतराच होती. सगळे सामील आहेत.

‘सुरक्षित’ कप्पा गेला. काकांच्या अकरा वह्या गेल्या. फोन खणात आपटला. रागाने.

१६ मार्च
जेवण गेलं नाही. काकांना काय सांगू? रद्दीत मीच घालायला लावल्या. दिवसभर फोनचा खण उघडला आणि बंद केला. शेवटी कळवलं, उद्या घरी या, कंपनीने आपल्याला कसं लुटलं ते समोरासमोर सांगतो.

१७ मार्च, संध्याकाळी ६
क्लचबाई काकांना गाडीतून घेऊन आली. मी कंपनीचा कट सुरुवातीपासून सांगितला. काकांनी मध्येच हात वर केला आणि आधी घड्याळ ऐकू दे म्हणाले. कान लावून उभे राहिले. चाल उत्तम आहे, तेल बेताचं घातलंयस, म्हणाले. मी क्लचबाईकडे पाहिलं, ऐकलं ना अशा नजरेने.

मग त्यांनी काच उघडून बोटांनी काटे चाचपले. तासाचा, मिनिटाचा, मग तो छोटा. बोट तिथेच थांबलं. विचारलं, मध्ये बंद केलं होतंस का? मी चार दहाची युक्ती सांगितली. दोन दिवस थांबून, काट्यांना हातही न लावता. काका म्हणाले, युक्ती माझीच आहे. तिसरी वही, पान बावीस. आणि खालची ओळ?

मी म्हटलं, कुठली ओळ?

काका म्हणाले, काटे बरोबर येतात पण दिवस गेलेले असतात, तारीख पुढे घ्यायला विसरू नये.

क्लचबाई खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. काकांनी बोटाच्या टोकाने छोटा काटा पुढे सरकवला. टक. टक. सतराचे एकोणीस झाले.

मी म्हटलं, काका, वह्या गेल्या. ते म्हणाले, कुठे गेल्या? बाराच्या सभेत, म्हणजे तुझ्या दहाला, तुझ्या बायकोने पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या. अकराच्या अकरा. दोन वर्षं पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या तिने. चौदा जणांनी तिथेच फोटो काढले. दंतवैद्य नवी साइट करतोय.

हिने तिथे सांगितलं होतं म्हणे, अध्यक्ष त्यांच्या स्वतःच्या बाराला येतील. हसणं खालपर्यंत गेलं ते तेव्हाच.

२० मार्च (हिला विचारून)
नव्या साइटवर अर्ज भरला. सभासद क्रमांक एकसष्ट, ‘नवशिके’ विभाग. दंतवैद्याचा निरोप आला, अर्ज मंजूर, स्वागत आहे. त्याने चेष्टा केली नाही याचंच जास्त लागलं. पासवर्ड तिघांकडे आहे. त्यात मी नाही. ही आहे.

मला काम मिळालं आहे. तिसरी वही पुन्हा टाइप करायची, एकही ओळ न गाळता. ही तपासणार. पान बावीसपर्यंत आलो. ती ओळ टाइप केली. काकांच्या अक्षरात ती पानावर सर्वांत ठळक आहे, खाली दोन रेघा मारलेल्या. टाइप करताना तेव्हा मला दिसली नसेल असं म्हणवत नाही. दिसली होती.

क्लचबाईचं घड्याळ सुरू झालं. टेबल मोकळं झालं. तिने मला कळवलं नाही, साइटवर वाचलं.

लिहिता लिहिता हिशेब लागला. चार दहाला लंबकाला बोट लावलं तो दिवस खरा सहाचा. ही दोनदा दारात येऊन उभी राहिली होती आणि मी घड्याळाकडे बघत होतो. फार वाईट वाटलं. आत जाऊन तसं सांगितलं. ती वहीतलं पान तेवीस तपासत होती. मान वर न करता म्हणाली, बरं.

पुढच्या सहा मार्चला तीनशे एक्कावन्न दिवस आहेत. मोजून तिनेच दिले.