जुन्या फोनांचं गाऱ्हाणं

रत्नागिरी, बुधवार

तीर्थस्वरूप आप्पाकाकांस,

गुरुप्रसादचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल चोळता की नुसती बाटली उन्हात ठेवता? इकडे सर्व कुशल आहे, किंबहुना कुशलपेक्षा थोडं जास्तच, म्हणून हे पत्र. (काकू आसपास असतील तर मोठ्याने वाचा.)

मी ‘चिरा’ नावाच्या वेब फ्रेमवर्कचं काम बघतो, म्हणजे लोक ज्याच्यावर आपापल्या वेबसाइटी उभ्या करतात तो पाया. (नाव मीच सुचवलं. घरात बसून काय करतोस, असं तुम्ही तीन गणपती विचारताय, ते हे.) तो जगभर वापरतात आणि त्याचं काय करायचं ते आम्ही पाचजण ठरवतो. यंदा प्रश्न होता, पुढच्या आवृत्तीला कमीत कमी केवढा नवा फोन लागावा? बाकीचे चौघे, बर्लिनपासून टोकियोपर्यंत, एका सुरात म्हणाले, सहा वर्षांपेक्षा जुने सोडून द्या, ओझं कमी होईल. ते खरंच. पण तुमच्या पूर्णगडच्या गंगुबाई मासळीच्या ऑर्डरी ‘चिरा’वरच्याच पानावर घेतात, आणि त्यांचा फोन दहा वर्षांचा. उद्या पान पांढरंफटक दिसलं तर त्यांनी सुरमई घेऊन बसायचं कुठे?

व्हिडिओ कॉलवर तासभर आकडे मांडले. चौघांचं आपलं तेच, ओझं कमी करा. शेवटी माझा पारा चढला आणि तुम्ही देवळात घालता ते गाऱ्हाणंच तोंडातून सुटलं. शब्द इंग्रजी, चाल तुमची: जो मागे राहिला, जो चुकला-माकला, ज्याच्या फोनला भेग, ज्याची रेंज डोंगराआड, त्याला सांभाळून घे, रे महाराजा! माइक चालू होता. आतून आईने आणि तुमच्या सुनेने, दीपालीने (भात वाढता वाढता, सवयीने) खणखणीत ‘व्हय महाराजा!’ केलं. चौघे दचकले. हे कोण, असं बर्लिनच्या बाईंनी विचारलं. वापरणारी मंडळी, मी म्हटलं. मग एकेक हात वर झाला. आप्पा, जुने फोन राहिले! आपल्या देवळातलं गाऱ्हाणं जगाच्या कारभारात चाललं आणि ते मी घातलं, याचा मला अभिमान वाटतो. उगाच लपवत नाही.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या,
गुरुप्रसाद

ता. क. त्या चौघांनी अट एकच घातली. दर सुधारणा खऱ्या जुन्या फोनवर तपासायची, आणि ती मी. फोन हाताशीच आहे, असं मी छातीठोकपणे सांगून बसलोय. तेव्हा गंगुबाईंचा फोन दर रविवारी दोन तास मागून द्याल का? खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी दीपालीने गंगुबाईंना सरळ फोनच लावला. त्या म्हणाल्या, “जुना फोन माज्याकडं कुटं हाय? दिवाळीला पोरानं नवा दिलान. जुना सासूला दिला. ती रोज सकाळी त्याच्यावर ऑर्डरी वाचून दाखवते, मंगच मी पाटी उचलते.” म्हणजे ज्यांच्यासाठी भांडलो त्यांना गरज नव्हती, आणि ज्यांना होती त्यांची मला खबरच नव्हती. तेव्हा फोन सासूबाईंकडे मागा. जरा जपून मागा. वय ब्याऐंशी, आणि तो फोन त्या आता सुनेच्याही हातात देत नाहीत.