काळोखलेली नळी

प्रिय सौ.,

तुझा भाऊ आणि मी, दोघे बरे आहोत. आईंचा गुडघा कसा आहे?

काल कारखान्यात कॉलेजसाठी बनवलेली काचनळी वीज सोडून तपासत होतो. आतली हवा कमी होत जाते, तसे उजेडाचे पट्टे पडतात, मधे काळोख राहतो. हवा ओढणारा पंप चालू ठेवून मी चहाला गेलो. परतलो तर काळोखाने सगळी नळी गिळलेली.

“सांधा गळका! झोपेत जोडलास का?” मी चारचौघांत तुझ्या भावावर ओरडलो.

मालक म्हणाले, “गळती असती तर हवा आत येऊन उजेड टिकला असता. सांधा पक्का आहे, हवा तूच जास्त ओढलीस.”

तो तुला कळवणार नाही, म्हणून मीच लिहितोय. रात्री जेवताना म्हणाला, “साहेब, आणखी वाढू?” आजवर दाजी म्हणायचा. माफी मागायला तोंड उघडत नाही, तूच काहीतरी सुचव.

तुझाच,
खाली मान घातलेला