डावी बाजू बंद

दि. ७ ऑगस्ट

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे. गुडघा तसाच, भूक ठीक. तू फोन न करता पत्र लिहितेस ते बरं करतेस. हल्ली फोनवर सगळेच पुटपुटतात, आणि तू तर सगळ्यांच्या वरताण. सातवीपर्यंत शिकलेल्या म्हाताऱ्याचं पत्र वाचून हसू नकोस. हसलीस तर निदान चुका मोजू नकोस.

तुझी अडचण समजली. तुझ्या खोलीतली ती मुलगी, जिला तू 'मॅडम' म्हणतेस, तिला तुझ्या गाण्यांचा आणि गेममधल्या गोळीबाराचा त्रास होतो. तिने वसतिगृहाच्या बाईंकडे तक्रार केली आणि बाईंनी महिनाअखेरची मुदत दिली. आवाज थांबला नाही तर तुला तळमजल्यावरच्या ओल आलेल्या खोलीत टाकणार. हे वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुला लहानपणी दम लागायचा. ओल तुला चालणार नाही.

हेडफोन मी घेणार. बाबांकडे मागू नकोस.

कालच बाजारातल्या दुकानात जाऊन आलो. दुकान एक बाई चालवते. तुझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल, बोलणं मात्र मास्तरणीसारखं. तिला तुझी यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "काका, उघडे घेऊ नका. त्यांचे कप जाळीचे असतात, आवाज बाहेर सांडतो. शेजारच्या पलंगावरची मुलगी अख्खं गाणं ऐकेल. बंद कपांचे घ्या. आतलं आत, बाहेरचं बाहेर." बिनतारी नको म्हणाली. गेममध्ये गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो, तोवर आपण मेलेलो असतो. गादी कातड्यासारखी असली तर आवाज नीट अडतो, पण कान घामेजतात. कापडी असली तर गार राहतात, पण थोडं झिरपतं. मी म्हटलं, "घाम येऊ द्या, पण तक्रार नको." तुझा चष्माही लक्षात होता. माझाच चष्मा लावून एकेक घालून पाहिला. दोन तर असे की काड्या कानशिलात रुतल्या. डोक्याचं माप म्हणून तुझी जुनी लोकरी टोपी नेली होती. बाई हसली. हसू दे. तुझं डोकं आजीवर गेलंय, मोठं.

एकच काळजी वाटते. दोन्ही कान असे झाकून बसलीस आणि कुणी दार ठोठावलं, आगीची घंटा वाजली, तर? मधूनमधून एक कप वर करत जा.

बाबांचा फोन आला होता. तेच. आता एकटे राहू नका, इकडे या. मी गॅस बंद केलाय का ते तीनतीनदा बघतो, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. तूच असशील. तुझ्या आईची अट तुला ठाऊक आहे. तिने हाक मारली होती, एवढं मी एकदा म्हणायचं. खारुताई, जे ऐकलंच नाही ते ऐकलं असं मी कसं म्हणू? एकतीस वर्षं कारखान्यात काढली, कुणी मला खोटारडा म्हटलं नाही. या विषयावर आणखी लिहीत नाही.

पाकिटावर खोली नंबर नीट लिहिलाय ना, ते दोनदा पाहिलं.

तुझा,
आजोबा


दि. १३ ऑगस्ट

चि. खारुताईस आशीर्वाद.

हे पत्र रागात लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

हेडफोन घेतले. काळे, बंद कपांचे, लांब वायरीचे, माइक वर दुमडतो. तुला पाठवण्याआधी तपासावेत म्हणून घरी रेडिओला लावले. डावी बाजू बंद. उजव्या बाजूने बातम्या खणखणीत, डावीकडे काही म्हणजे काही नाही. वायर हलवली, कप हलवला, फुंकर मारली. काही नाही.

लगेच दुकानात गेलो. बाईने स्वतःच्या कानाला लावून पाहिले आणि म्हणाली, "चालतायत की, काका." मी म्हटलं, "म्हणजे मी खोटं बोलतोय?" ती म्हणाली, "तसं नाही हो. तुमच्या रेडिओचं भोक जुनं असेल." तरी नग बदलून दिला. मनात म्हटलं, चला, भली आहे.

दुसरा नग घरी आणला. तोही तसाच! रेडिओवर पाहिला, मग समोरच्या शिंप्याच्या फोनवर पाहिला. डावी बाजू बंद. परत गेलो. तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी बोलायला नको होतं ते बोललो. सदोष माल म्हाताऱ्यांच्या गळ्यात मारता, म्हणालो. तिचा चेहरा पडला. पुन्हा कानाला लावून म्हणाली, "काका, शपथेवर सांगते, दोन्हीकडून आवाज येतोय." मी म्हटलं, "तुम्ही तेच म्हणणार!" एक गिऱ्हाईक पुढे होऊन म्हणालं, "आण, मी ऐकतो." त्याने ऐकलं आणि म्हणाला, "चालतोय, आजोबा." तोही तिचाच माणूस असणार.

उद्या वजनकाट्याला सोबत नेणार आहे. वजनकाटे तुला आठवतो ना? कारखान्यात पत्र्याच्या गुंडाळ्या तोलायचा, म्हणून ते नाव. साक्षीदार असलेला बरा.

महिना संपायला अठरा दिवस राहिले. ओलीच्या खोलीत जायला सांगितलं तर लगेच जाऊ नकोस, आजोबा येतायत म्हणून सांग.

तुझा,
आजोबा


दि. १९ ऑगस्ट

चि. खारुताई,

हे पत्र मी चार दिवस लिहितोय. कुणी आजूबाजूला असेल तर आता वाचू नकोस.

वजनकाट्याला घेऊन दुकानात गेलो. वाटेत तो मला म्हणाला, "तू माझ्या या बाजूने चाल. त्या बाजूला असलास की मी बोलतो ते तुला कळत नाही." मी म्हटलं, "तूच ठार बहिरा आहेस." तो हसला. "मी आहेच. पण मला माहीत आहे."

दुकानवाली बाई आम्हाला पाहून पुढे आली. तिने तोच दुसरा नग काढला, माझ्या डोक्यावर चढवला, गाणं लावलं. "कुठली बाजू बंद?" मी डावीकडे बोट दाखवलं. मग तिने हेडफोन काढले, उलटे फिरवले आणि परत घातले. डाव्या कानाचा कप उजव्यावर, उजव्याचा डाव्यावर.

आता गाणं त्या 'बंद' कपातून येत होतं. खणखणीत. आणि जो कप इतके दिवस चालत होता तो मुका झाला होता.

मी म्हटलं, "परत फिरवा." तिने परत फिरवले. मी म्हटलं, "परत." असं चार वेळा झालं. गिऱ्हाइकं थांबली होती, पण कुणी हसलं नाही. शेवटी तिने हेडफोन बाजूला ठेवले आणि आपला तळवा माझ्या उजव्या कानावर घट्ट दाबून धरला. समोर आरसा आहे, गिऱ्हाइकांना कसे दिसतात ते बघायला. त्या आरशात मला तिचे ओठ हलताना दिसले. माझ्या डाव्या खांद्यापाशी उभी राहून ती काहीतरी सांगत होती. वजनकाटे मान डोलवत होता.

मला काही ऐकू आलं नाही.

नंतर कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या वाजवल्या. उजवा थोडा गेलाय, डावा संपलाच. काम काय करायचो, विचारलं. मी सांगितलं, डब्याची झाकणं कापायची प्रेस. पत्रा उजव्या हाताने सरकवायचा, डावी बाजू ठोक्याकडे. दिवसाला हजारो ठोके. कानात कापूस घालायला सांगायचे, मी घालायचो नाही. कापूस घालणाऱ्यांना आम्ही 'नवरी' म्हणून चिडवायचो. किती वर्षं झाली सोडून, त्याने विचारलं. चौदा. तो म्हणाला, "मग कान तेव्हाच गेलाय. हा काही आजचा नाही."

चौदा वर्षं, खारुताई. आणि ती गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची.

मी घरी येऊन माझ्या खुर्चीत बसलो. ती जिथे होती तिथेच आहे, खिडकीशी, उजेडासाठी. स्वयंपाकघराचं दार तिच्या डाव्या हाताला. त्या दिवशी मी तिथेच पेपर वाचत होतो. तुझी आई ओट्यापाशी उकळत्या पाण्याचं मोठं पातेलं उतरवत होती. तिची पकड सुटायला लागली. तिने मला हाक मारली, "दादा, धरा." आणि मी सहा पावलांवर बसून होतो. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंतचा डाग तू रोज पाहत मोठी झालीस. मी नऊ वर्षं तो पाहायचा टाळला.

संध्याकाळी बाबा घरी आल्यावर मी त्याच्यासमोर म्हणालो, तिने हाक मारलीच नाही, आता मला बदनाम करतेय. तू टेबलाशी चित्र काढत होतीस. नऊ वर्षांची होतीस. उठून म्हणालीस, "आजोबा, आईने तीनदा हाक मारली."

आणि मी तुझा कान पिळला. इतका की तू चवड्यांवर उभी राहिलीस. म्हणालो, "मोठ्यांपुढे खोटं बोलतेस? माफी माग." तू मागितलीस. पुढच्या महिन्यात तुम्ही घर सोडून गेलात.

तू मला हे कधी बोलून दाखवलं नाहीस. हेडफोन मागितलेस, पत्रं लिहिलीस, चष्म्याचं माप पाठवलंस.

डॉक्टरचा कागद खिशात घेऊन येताना क्षणभर मला बरं वाटलं, हे तुला सांगितलं पाहिजे. वाटलं, सुटलो. कान गेला होता, माझा काय दोष? बाबाला फोन करून हेच सांगणार होतो. नंबर अर्धा दाबला आणि ठेवून दिला. कारण एक गोष्ट कागदावर नाही. ती फक्त मला ठाऊक आहे.

तुझा कान हातात होता तेव्हा मी तुझ्या डोळ्यांत पाहिलं होतं. तू खोटं बोलत नव्हतीस, हे मला तेव्हाच कळलं. ऐकू का आलं नाही ते कळलं नाही, पण तू खरं सांगतेयस हे कळलं. आणि म्हणूनच मी आणखी जोरात पिळला. बाबा बघत होता. एकतीस वर्षं कुणी खोटारडा म्हटलं नाही, हे मी तुला मागेच मोठ्या ऐटीत लिहिलंय. ते पत्र फाडून टाक.

दुकानात परत जाऊन त्या बाईची माफी मागितली. तीच गिऱ्हाइकं नव्हती, याचं वाईट वाटलं. असायला हवी होती. तिने पहिलाच नग काढून ठेवला होता. त्यात कधी काही बिघाड नव्हताच. तोच पाठवतोय. डाव्या-उजव्याची अक्षरं आत फार बारीक आहेत, म्हणून डाव्या कपाच्या पट्टीला लाल दोरा गुंडाळलाय. तुझे दोन्ही कान चांगले आहेत, आवाज हळू ठेव. मॅडमला माझा नमस्कार सांग आणि म्हण, तक्रार केलीस ते बरोबर केलंस.

सोबत एक वेगळं पाकीट आहे, आईसाठी. चिकटवलेलं नाही. आधी तू वाच. त्यात एक शब्दही खोटा वाटला तर देऊ नकोस, मला परत पाठव, मी पुन्हा लिहीन. सात वेळा लिहिलंय, आठव्यांदाही लिहीन. डॉक्टरचा कागद त्यात घातलेला नाही. तूही त्याबद्दल आधी काही सांगू नकोस. तिने आपणहून विचारलं तर सांग.

बरोबर वाटलं, तर सुट्टीत घरी जाशील तेव्हा हातात दे. पोस्टाने नको. आणि तिच्या समोर उभी राहून वाट बघू नकोस.

तुझा कान कुठला होता, ते चार दिवस आठवतोय. आठवत नाही. तुला आठवत असेल.

तू ज्याला खरं सांगितलं होतंस, तो,
आजोबा


(आतल्या पाकिटातलं)

दि. १९ ऑगस्ट

चि. सूनबाईस,

तू तीनदा हाक मारली होतीस. मी सहा पावलांवर होतो आणि उठलो नाही. नंतर तुला आणि तुझ्या मुलीला खोटं ठरवलं. तुम्ही दोघी खरं बोलत होता.

हे मी तुमच्याकडे राहायला यावं म्हणून लिहीत नाही. खारुताईच्या बाबाने विचारलं तर त्याला सांग, मी इथे ठीक आहे, गॅस बंद करतो. येऊ नका म्हणालीस तरी हे पत्र तसंच राहील. बाबाला दाखव, वाटल्यास वाचून दाखव, मोठ्याने.

खुर्ची मी आज फिरवून ठेवली आहे. आता उजेड पाठीवर येतो, पेपर नीट दिसत नाही. स्वयंपाकघर उजव्या हाताला आलं आहे. तिथे कुणी नसतं, तरी तशीच ठेवणार आहे.

तुझ्या हाकेला नऊ वर्षं उशिरा ओ देणारा,
दादा