न धुतलेली पांढरी जर्सी

अग्रहार, म्हैसूर
ता. १ ऑगस्ट १९७४

ती. रणोजीकाकांच्या चरणी वेंकोबाचा सा. न. वि. वि.

तुम्ही रागाने पुण्याला निघून गेलात ते बरोबरच केलेत. पलटणीच्या रग्बी संघात पुढच्या फळीत खेळून तीनदा ढाल जिंकलेल्या माणसाला आमचे क्लब सेक्रेटरी दामोदरराव खेळ शिकवणार! अंतिम सामन्यात दोन्ही फळ्या भिडलेल्या असताना कोसळल्या, बंगळूरच्या मुलाचा खांदा निखळला, आणि लगेच ठरले की आपल्या कृष्णमूर्तीने त्याची बाही धरून खाली ओढली, आणि तेही तुम्हीच शिकवलेत! १३ तारखेच्या चौकशीत तुमची कोचची जागा कायमची काढून घेणार आहेत. काका हात मोडायला शिकवतात का, असे लोक मला रस्त्यात विचारतात.

एक कबुली देतो. आपल्या संघाच्या जर्सी मी लाल रंगवल्या, पण सामना जवळ आला म्हणून हंड्यातून लवकर काढल्या. पावसात रंग सुटला. सामन्यानंतर रिवाजाप्रमाणे जर्सींची अदलाबदल झाली. त्या जखमी मुलाची पांढरी जर्सी कृष्णमूर्तीकडे आली ती डागाळलेली, म्हणून त्याने ती मला आणून दिली. अप्पांना कळले तर रंगाऱ्याच्या घराची अब्रू गेली म्हणतील. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी ते तलकाडला जातील, तेव्हा गुपचूप उकळून डाग काढीन.

तुमची माया तरी पक्क्या रंगाची असू द्यावी.
आपला वेंकोबा

पुणे
ता. ६ ऑगस्ट १९७४

चि. वेंकोबास अनेक आशीर्वाद.

गाढवा, ती जर्सी पाण्यात घालू नकोस! मी मुलांकडून एकच गोष्ट घोकून घेतली आहे. हात समोरच्याच्या पाठीवरून घाला, बाहीला बोट लावू नका. कृष्णमूर्तीची बाही तुझ्या कृपेने रंग सोडत होती. मग ठसा कुठे उमटला आहे ते बघ. पाठीवर असेल तर मी खरा. बाहीवर असेल तर दामोदरराव खरे, आणि तेही लपवायचे नाही. त्या लोकांपुढे हात जोडायला मी येणार नाही. माझ्याऐवजी चौकशीला ती जर्सी जाऊ दे.

अप्पांना भिऊ नकोस. धाकटा भाऊ म्हणून त्यांची बोलणी मी तुझ्या जन्माआधीपासून खातो आहे, तरी धडधाकट आहे.
तुझा काका रणोजी

अग्रहार, म्हैसूर
ता. १४ ऑगस्ट १९७४

ती. काकांस वेंकोबाचा सा. न.

तुमचे पत्र शनिवारी दुपारी आले तेव्हा पाणी उकळत होते. जर्सी उलटून पाहिली. पाठीवर आडवा लाल पट्टा, मनगटाच्या शिवणीच्या ठशासकट. दोन्ही बाह्यांवर नुसता चिखल.

त्याच संध्याकाळी अप्पा तलकाडहून परतल्यावर त्यांना सगळे सांगितले. काल ते चौकशीला माझ्याबरोबर आले.

तिथे दामोदरराव हसून म्हणाले की रंगाऱ्यांच्या घरात लाल पट्टा ओढायला कितीसा वेळ लागतो? आणि अप्पांकडे बोट दाखवून विचारले, या सुब्बरावांकडचा रंग कधी सुटला आहे का? तेव्हा अप्पा उठले. राखीव खेळाडूची, मैदानात न उतरलेली लाल जर्सी त्यांनी दामोदररावांच्याच पाण्याच्या तांब्यात बुडवून पिळली. पाणी लालभडक! मग म्हणाले, सुटतो, स्वामी, माझ्याच घरात सुटला. असे बोलताना त्यांना मी जन्मात ऐकले नव्हते.

क्लबने तुम्हाला परत बोलावले आहे. दामोदररावांनी मात्र माफी मागितली नाही. गैरसमज झाला, एवढेच लिहून दिले! म्हणून जर्सी धुतलेली नाही. अप्पांनी ती दुकानाच्या दारात टांगली आहे, पाठ रस्त्याकडे करून. दामोदरराव रोज त्याच वाटेने जातात.

तुम्ही येऊन सांगाल तेव्हाच उतरवू. तोवर आशीर्वाद पोस्टानेच पाठवावेत.
आपला वेंकोबा