येळंबवाडीच्या न्हाणीची फरशी

१२ एप्रिल, शनिवार. परभणी

हार्डवेअरच्या दुकानात उभ्या राहिलेल्या तमाम बायांनो! तिथं आपल्याशी कुणी बोलत नाही. प्रश्न आपण विचारायचा आणि उत्तर आपल्यासोबतच्या पुरुषाला मिळायचं — नवरा, भाऊ, चुलता, शेजाऱ्याचा मुलगा, कुणीही चालतो. किती दिवस सोसायचं?

हे भाषण आज दुकानात करायचं राहिलं. वही, तूच ऐक.

मी आणि मनिषा — माझी भावजय, घरात माझ्याहून मोठा आवाज तिचाच — फरशी कापायचं मशीन बघायला गेलो. सामान उचलायला म्हणून रिक्षावाला धम्मपाल मागोमाग आत आला. झालं! शेठनी आम्हा दोघींना ओलांडून त्याला विचारलं, "बोला भाऊ, कोणतं दाखवू?"

धम्मपाल म्हणाला, "मला काय दाखवायलाव? मी रिक्षावाला हाय. गिऱ्हाईक ह्या हायत."

शेठ हसले. आणि पुन्हा त्यालाच — "मग मिस्त्री कोण हाय?"

"मी," मनिषा म्हणाली. साफ खोटं! तिनं आजवर पोळपाट सोडून कशावर हात चालवलेला नाही. पण असं म्हणाली की क्षणभर मलाही खरं वाटलं. काहीच न घेता बाहेर पडलो आणि रिक्षात बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

१३ एप्रिल

हे मी कसं ओढवून घेतलं ते लिहूनच टाकते.

कॉलेजात मराठी शिकवते, सुट्टीत गावोगाव बोलते. परवा येळंबवाडीला बोलले. पालमच्या पुढं, फाट्यावर उतरून नदीची रेती तुडवत जावं लागतं, तिथं. गावात बायांसाठी न्हाणी बांधून वर्ष होत आलं. भिंती उभ्या, वर पत्रा, खाली नुसती खडी. बाया अजून अंधारात उठून, लुगडं आडवं धरून अंघोळ करतात. मिस्त्री म्हणतो, दिवसा लाइट नसते, माझं कटर चालायचं नाही. टेम्पो रेतीत रुतेल. सरपंच महारुद्रदादा म्हणतात, एप्रिल संपेस्तोवर न्हाणी चालू झाली नाही तर खरिपाच्या खताची पोती तिथं टाकू.

मी तापले. बोलत गेले, चढत गेले. टाळ्या! आणि तोंडातून गेलं — "मिस्त्री येत नाही? मग मी येते! मी बसवते फरशी!"

टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतून चतुराबाई उठल्या. बचत गट त्याच चालवतात. टाळी वाजवली नाही. म्हणाल्या, "तारीख सांगा."

आयुष्यात इतकं नेमकं कुणी मला टोकलं नव्हतं. सांगितली तारीख — एकवीस एप्रिल!

१४ एप्रिल

दिवसभर वाचलं, बघितलं, पुन्हा वाचलं. कादंबरीसाठी जागले नसेन इतकी जागी आहे या फरशांसाठी.

विजेचं कटर लोण्यासारखं कापतं म्हणे. पण येळंबवाडीत दिवसाची लाइट म्हणजे पाहुणी — आली तर आली. बॅटरीचं थोड्या फरशा कापून मान टाकतं, आणि त्याला खायला घालायला पुन्हा तीच पाहुणी लागते. राहिला हातकटर. दोन सळया, एक दांडा, दांड्याखाली हरभऱ्याएवढं चाक. चाकानं फरशीवर रेघ ओढायची, दांडा दाबायचा, फरशी रेघेवर तुटते. वीज नको, धुरळा नाही, डोक्यावर नेता येतो. फक्त सरळच कापतो. पाइपाभोवतीचा गोल आकार पकडीनं कुरतडून काढायचा.

ठरलं! हातकटर! मनिषाला फोन केला तर म्हणाली, "ताई, तुम्ही लग्न ठरल्यासारख्या सांगायल्या."

१५ एप्रिल

पुन्हा तेच दुकान. धम्मपालला मुद्दाम बाहेर ठेवलं.

"शेठ, तुटकी फरशी द्या. कापून बघितल्याशिवाय घेणार नाही."

"ताई, असं कुणी बघत नसतं."

"कपडा घेताना बघतो, टरबूज घेताना बघतो. मशीन काय सोवळ्यातलं आहे?"

दुकानातली गिऱ्हाइकं आमच्याभोवती जमली. शेठनी फरशी दिली — खडबडीत, पाय न घसरणारी, आम्हाला हवी तीच. मनिषानं दांडा धरला. खर्रर्र — टक्! दोन तुकडे. कड अशी की जणू तशीच जन्मली होती! मग मी. माझी वाकडी फुटली. शेठच पुढं आले, पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले — "ताई, रेघ एकदाच वढायची. तुमी दोनदा वढली."

बरोबर. भाषणात एकच मुद्दा मी तीनदा सांगते. इथं चालत नाही. पुढची सरळ निघाली. शेवटी शेठ म्हणाले, "अजून एक करा की." त्यांनाच मजा यायला लागली होती!

१६ एप्रिल

कटर घेतला! गच्चीवर दिवसभर खर्रर्र — टक्! खालचे काका विचारून गेले, घर पाडताय का?

२१ एप्रिल, सोमवार. येळंबवाडी

फरशी, सिमेंट ट्रॅक्टरनं काल गेलं. कटर मात्र ट्रॅक्टरवर टाकायचा धीर झाला नाही. फाट्यावर एसटीतून उतरलो आणि कोरड्या नदीतून आळीपाळीनं डोक्यावर नेला. ऊन असं की चपलेतून चटके. मनिषा पुढं चालत ओरडत होती, "हटा, हटा, नवरदेव यायलाय!" कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

न्हाणीपुढं बाया ताटं घेऊन उभ्या. मला वाटलं आमच्यासाठी. नाही! चतुराबाईंनी कटरला ओवाळलं. हळद लावली, कुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला, सगळं पाणी त्याच्या अंगावर सोडलं. मी अंधश्रद्धेवर तासभर बोलणारी बाई. तोंड उघडलं — पण त्यांचे चेहरे बघून मिटलं.

२२ एप्रिल

तोंड मिटायला नको होतं! चाक फिरेना. कुंकू आणि नारळाचं पाणी आत जाऊन चिकटलं होतं. पहिल्या फरशा आडव्यातिडव्या फुटल्या. मी चिडले, चांगलीच चिडले. चतुराबाई शांतपणे म्हणाल्या, "मिशीनला ओवाळलं, तुमाला न्हाई, म्हून राग आला व्हय?"

सगळ्या हसल्या. मला राग धरून ठेवता येईना, मीही हसले. मनिषानं रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन चाक घासून मोकळं केलं. संध्याकाळी पहिली ओळ बसली. सरळ! दोरी लावून तपासली. दोरीलाही खोट काढता येईना.

२४ एप्रिल

आता कटरपुढं रांग लागते. प्रत्येकीला एक तरी फरशी कापायचीच आहे.

"ए सरक की, तू कालबी केल्यास!"

"आगं हळू दाब, नवरा न्हाई त्यो, फरशी हाय!"

"कामून? नवऱ्यावरच हात बसलाय माझा!"

पाइपाची जागा आज झाली. दोन फरशांच्या सांध्यावर पाइप घेतला, दोन्हींतून अर्धा-अर्धा चंद्र पकडीनं कुरतडला. बसवल्यावर पूर्ण गोल. चतुराबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि पुढची फरशी माझ्याकडे सरकवली. त्यांची शाबासकी अशीच असते, हे मला आता कळतं.

२७ एप्रिल, रविवार

झाली! झाली! झाली!

कोपऱ्यात घागर ओतली. सगळ्या भिंतीला चिकटून बघत होत्या. पाणी थांबलं, विचार केल्यासारखं जरा पसरलं आणि मग उतारानं थेट मोरीकडे निघालं. बायांनी असा गलका केला की वरचा पत्रा वाजला. दुपारी, लख्ख उजेडात, चतुराबाईंच्या सुनेनं पहिली अंघोळ केली. आतून गाणं म्हणत होती. बाहेर आली तर सासू म्हणाली, "पानी संपलं का गानं संपलं?"

मी विचारलं, निरोपाचे दोन शब्द बोलू का? चतुराबाई म्हणाल्या, "ताई, भाषान न्या. मिशीन ठिवा."

ठेवलं! आणि आम्हालाही अजून चार दिवस ठेवून घेतलं.

२८ एप्रिल

महारुद्रदादा न्हाणी बघायला आले. चपला घालून आत. फरशीवर पाय आपटून बघितला.

"लय भारी काम, ताई. आता खताच्या पोत्याला खालून ओल धरायची न्हाई."

"दादा, एप्रिल संपायच्या आत चालू झाली. तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणलो होतो की. पर आता असली झकास खोली नुसत्या अंघोळीला? गावाची इमारत हाय, गाव ठरवील. गुरुवारच्या ग्रामसभेत घेऊ इषय."

म्हणजे आम्ही चांगली केली, हाच गुन्हा!

२९ एप्रिल

ग्रामसभेसाठी भाषण लिहिलं. जळजळीत. चतुराबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तुमचं नाव ह्या गावच्या मतदार यादीत न्हाई, ताई. तुमाला बोलू देणार न्हाईत."

खरं आहे. मी पाहुणी. यादीत नावं त्यांची.

३० एप्रिल, बुधवार

आज दुपारी न्हाणीत बाया मावेनात. अंघोळीला नाही — बसायला. फरशी गार, दाराला आतून कडी. गावात हीच एक खोली, जिथं एकही गडी आत येऊ शकत नाही! हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आधी कसं आलं नाही?

मी खाली बसले होते, मनिषाच्या गुडघ्याला गुडघा लावून. उभ्या होत्या चतुराबाई. फार बोलल्या नाहीत. रेघ एकदाच ओढली —

"बायांनो, उद्या गडी यायच्या आत ग्रामसभेला जा. पुढच्या खुर्च्यांवर बसा. कुनीबी उठा म्हणलं तरी उठू नका."